परमुलखातले मृत्युपत्र

मार्गशीर्ष व. ५, शके १७८६. अमरावती.
आज खोकताना रक्त पडले. अठरा वर्षे मी कापसाची धूळ खाल्ली, आता ती मला खाते आहे. हकिमाने नाडी पाहिली. मीच विचारले, उन्हाळा निघेल का? म्हणाला, "अल्ला मालिक." म्हणजे नाहीच.
माझे काय, झाले तेवढे पुष्कळ. चि. यमूचे काय? चौदाव्या वर्षी विधवा होऊन माझी लेक माझ्याकडे परत आली, आता तीस. मी गेलो की हे घर आणि मागचे कापसाचे आवार कोकणातला पुतण्या विष्णू घेणार, आणि यमू त्याच्या घरी फुकटची मोलकरीण. मृत्युपत्र करायचे. घर यमूला.

मार्गशीर्ष व. ८
कचेरीत गेलो. कारकून म्हणतो, "पंत, तुमी रत्नागिरीकडचे. ते रानीचं राज्य. हा मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजाचा. तुमच्या कागदाले कायदा कोन्ता लावू मी?"
म्हटले, अठरा वर्षे इथे आहे.
"असान. पन हाये तं परमुलखाचेच ना?"
बाहेर येऊन पायरीवर बसलो. गावी मला वऱ्हाडी म्हणतात, इथे कोकण्या. माणसाने मरावे तरी कोणत्या गावचे म्हणून?

पौष शु. २
वकिलाने वाट काढली. घर वडिलार्जित नव्हे, इथे स्वतः कमावलेले. मी इथलाच कायमचा रहिवासी. असे आरंभीच लिहायचे. साक्षी दोन, इथले, नात्याबाहेरचे. एक शेजारचे बाळंभट. दुसरा वलगावचा संभाजी कुणबी. मी इथे आलो त्या पहिल्या हंगामापासून त्याचा कापूस माझ्याच आवारात उतरतो. माणूस सोन्यासारखा.

पौष शु. ९
कागद झाला. मी सही केली, बाळंभटांनी केली. संभाजीला अक्षर येत नाही, त्याने रीतीप्रमाणे निशाणी काढली. मला खोकल्याची उबळ आली होती, नीट पाहिले नाही. जाताना यमूच्या हातचे ताक पिऊन म्हणाला, "पंत, भेऊ नका. मी हाये ना."
पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

माघ शु. ४
बाळंभट तापाने गेले. चार दिवसांत. माझ्याआधी जायचे काय कारण होते त्यांना?
आता साक्षीदार एकटा संभाजी. वकील म्हणतो, तो पक्का आहे ना, मग झाले.

माघ व. १
कागद नोंदवायला नेला. कारकुनाने संभाजीचे जुने खरेदीखत काढून ताडून पाहिले. खतावर नांगर. माझ्या कागदावर तराजू!
कुणब्याने नांगर काढायचा, वाण्याने तराजू. सगळ्या मुलखाला ठाऊक असलेली रीत. कारकून म्हणाला, "हा कोनी वानी दिसते. तुमचा कुनबी नाही हा. असा कागद नाही घेत मी."
संभाजीला बोलावून आणले. जरीचा पटका बांधून आला.
"मीच काढली, पंत. दोन सालं झाले, गावचा कापूस घेऊन अकोल्याच्या बाजारात इकून राह्यलो. लोक शेठ म्हनते मले. मंग नांगर काहून काढू?"
त्याच्या शेठपणापायी माझी पोर उघड्यावर पडली. मला अतिशय राग आला. आणि त्याचे ते भाबडे तोंड पाहून हसूही आले. मग खोकला. मग रक्त.
कारकून ऐकेना, निशाणी जुळत नाही म्हणतो. सगळा कागद पुन्हा करायचा. दोन साक्षी पुन्हा शोधायच्या.

फाल्गुन शु. १२
विष्णू आला. कोणी कळवले देव जाणे. ओसरीवर मुक्काम. यमूला म्हणतो, "यमूताई, आमच्यात तुला काय कमी पडणार आहे?" मला म्हणतो, "काका, परमुलखातला कागद आमच्याकडे कोण मानतो?" दुपारी आवार पावलांनी मोजत होता, यमूने पाहिले.
तो आल्यापासून शेजारीपाजारी साक्षीचे नाव काढले की उठून जातात. भाऊबंदांच्या भांडणात कोण पडणार?

चैत्र शु. ६, शके १७८७
मुंबईत भाव कोसळला. अकोल्याच्या बाजारात गाड्या भरून उभ्या आहेत, कापूस कोणी घेत नाही. संभाजी तिथेच अडकला आहे. दोन निरोप धाडले, उत्तर नाही. नवा कागद लिहून तयार, साक्षीच्या दोन्ही जागा कोऱ्या. रोज काढून बघतो आणि ठेवतो. काही उपयोग नाही, तरी बघतो.

चैत्र व. ३
संभाजी आला. डोक्याला साधे फडके. दाराबाहेरच उभा.
"पंत, तुमच्या कागदाची माती केली मी."
मी रागावणार होतो. झाले नाही. आत बसवला. आज त्याने नांगर काढला, फाळ जरा वाकडा आला. एक साक्ष झाली. दुसरा माणूस वलगावातून आणतो म्हणून गेला. विष्णू ओसरीवरून सगळे पाहत होता.

चैत्र व. ९
माणूस आला नाही. आता अंथरुणातून उठवत नाही.
यमूला समजावत होतो: माझ्यामागे कचेरीत अर्ज द्यावा लागेल, त्यावर तुझी निशाणी लागेल.
"बायकांची कोणती असते, आबा?"
बांगडी. बोलून गेलो. मग जीभ चावली. सोळा वर्षांमागे तिच्या हातातल्या फोडल्या तेव्हा मी तिथेच उभा होतो.
ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "ती मी काढणार नाही. मला माझे नाव लिहायला शिकवा."
इतकी वर्षे दौत-लेखणी तीच माझ्यापुढे आणून ठेवते. मला एकदाही सुचले नाही. कसला बाप मी.

चैत्र व. ११
उशीला टेकून शिकवायला बसलो. विष्णू म्हणाला, "आता या वयात कोणाला पत्रे धाडायची आहेत हिला?" तिने मान वर केली नाही.
तिचा हात धरून गिरवावे म्हटले, तर माझाच हात तिला सावरावा लागला. संध्याकाळपर्यंत य आला. तिने पुसून पुन्हा काढला, पुन्हा पुसला.
वलगावचा माणूस आजही नाही. ताप चढतो आहे. मू उद्या घेऊ म्हटले. ती म्हणाली, आत्ताच घ्या.