तोंडून निघालेला 'दोय'

सावन्नाखेत, ३ मार्च १९६७

चि. बुआलाय हिस अनेक आशीर्वाद.

आधी खाली बस, मग वाच. तुझा सेंगफेत जिवंत आहे. राजावर उठलेल्या त्या जंगलवाल्यांनी विमान पाडून धरलेला आपला वैमानिक पोर त्यांच्या छावणीतून पळून आला. इथल्या लष्करी दवाखान्यात आहे. हाडं तेवढी शिल्लक आहेत. नाक तुझंच, ते मात्र जरासुद्धा वाळलेलं नाही.

छावणीचं ऐकलंस तर जेवण जाणार नाही. पाय लाकडी खोड्यात, खाली स्वतःचीच घाण, पेजेत अळ्या. सुरुवातीला तो अळ्या वेचून टाकायचा, पुढे पुढे आधी त्याच खायचा. हे त्यानं हसत सांगितलं. मी बाहेर जाऊन थुंकून आलो. एकदा पहारेकरी जेवायला गेले असताना कुडाचा कुजका बांबू उपसून तो निसटला.

ओढ्याओढ्यानं एका गावात पोचला, तर तेही जंगलवाल्यांचंच. यानं त्यांचा हमाल असल्याची बतावणी केली. एका म्हातारीनं चिकट भाताचा गोळा दिला, आणखी हवा का विचारलं, आणि आपले राजेश्री बोलून गेले, 'दोय'! मोठ्यांना होकार द्यायचा तो 'दोय' म्हणूनच, हे तूच ना त्याला चापट्या मारून शिकवलंस? जंगलवाल्यांनी तो गुलामांचा शब्द म्हणून मोडून काढलाय. पलीकडच्या पायरीवर त्यांचे बंदूकवाले जेवत बसलेले. म्हातारीचा हात थांबला. मग तिनं याच्या पाठीत असा धपाटा घातला की तेही दचकले. म्हणे, हा माझा अर्धवट जावई, शहरात राहून आलाय; बायकोला पोसायची अक्कल नाही, साहेबी बोलणं तेवढं उचललंय; ऊठ मेल्या, म्हशी सोड! बंदूकवाले हसले. म्हशींमागून तिनं त्याला नदीच्या वाटेला लावलं.

रडून झालीस की उत्तर लिही. माया आहे तेवढी असू दे, वाढली तरी चालेल.

उनखाम दादा


पाक्से, ९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

रडून झालं, परत रडले. माझ्या नाकाला हसतोस, आधी स्वतःचं पोट बघ! त्या माउलीचं नाव कळव, तिच्या नावानं विहारात दान देईन.

सेंगफेतच्या वरच्या कर्नलसाहेबांची बायको येऊन गेली. सेंगफेतनं ते गाव नकाशावर दाखवलं, की त्याला परत विमानात बसावं लागणार नाही, इथेच कचेरीत खुर्ची देतील म्हणाली. दादा, समजाव ना त्याला. एक बोट तर ठेवायचंय. माझं पोर पुन्हा आभाळात नको.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
बुआलाय


सावन्नाखेत, १५ मार्च

चि. बुआलाय हिस अनेक आशीर्वाद.

त्या एका बोटाचं ऐक. कर्नल आला तो नकाशा, दारूची बाटली आणि फोटोवाला घेऊन. जखमा नीट दिसाव्यात म्हणून पोराच्या घोट्यांच्या पट्ट्या सोडायला लावल्या. सेंगफेत म्हणाला, गाव आठवत नाही. कर्नल गोड हसून म्हणाला, मग बरा झालास की स्वतःच उडून शोध.

मी व्हरांड्यात होतो. माझे कान तुला ठाऊक आहेत. जाताजाता तो सोबत्याला सांगत होता, की म्हातारीला भात छान वाफवता येतो ना, आता बाँब टाकून तिलाच वाफवू. दोघे खदाखदा हसले. अळ्या मी ऐकून पचवल्या होत्या, हे हसणं पचेना. मग कर्नलनं माझा हात हातात घेऊन माझ्या भातगिरणीची चौकशी केली. तो हात मी दोनदा धुतला, तरी वास जाईना.

सेंगफेत मला म्हणाला, मामा, तिकडे अळ्या खायला देत होते, पण म्हातारी खा असं कुणी म्हणत नव्हतं.

तो बोट ठेवणार नाही, विमानातही बसणार नाही. उद्या कोंड्याच्या पोत्यांआडून मी त्याला इथून काढतोय. तिकडून पळाला तेव्हा शूर होता, आता पळपुटा म्हणतील. म्हणू देत. कुठे ठेवला ते पुढे कळवतो. हे पत्र ओळखीच्या भिक्षूंच्या हाती देतोय, वाचून जाळ.

रागावलीस तरी बहीणच राहा.

उनखाम दादा


पाक्से, २१ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र जाळलं. काल कर्नलची बायको परत आली. माझा हात कुरवाळला, आईच्या काळजाचं बोलली, लेकरू कुठं असेल गं म्हणून डोळे पुसले. तिच्या अंगाची मला शिसारी येत होती. तरी मी तिच्याच खांद्यावर रडले, आणि ठाऊक असतं तर सांगूनही टाकलं असतं.

तेव्हा तो कुठे आहे, ते मला कधीच लिहू नकोस. पोटभर जेवतो का, तेवढं लिही.

तुझी,
बुआलाय