बाई नवऱ्याचं नाव घेते काय?

डाक्टरसाहेबांले अमडापूरच्या झुंबरबाईचा रामराम.

पूर्व पाकिस्तानातल्या दंगलीतून जीव वाचवून आलेली शेफाली माह्या घरी राह्यते. तिले सरकारी आसरा द्यावा का, हे ठरवाले तुम्ही तिचं डोकं तपासलं. दंगलीत मारलेल्या नवऱ्याचं नाव विचारलं. ती खाली पाहून गप्प राह्यली, अन् तुम्ही लिहिलं, 'नाव आठवत नाही, हकिकत खोटी.'

अहो दीडशहाणे, मेला तरी बाई नवऱ्याचं नाव घेते काय? मी बी फक्त उखाण्यात घेतलं. तुमच्या मायले चारचौघांत विचारून पाहा, मग तिले बी खोटी लिहा!

नात म्हणते, "आजी, हे धाडलं तर साहेब चिडतीन, अन् शेफालीले सीमेपार धाडतीन." म्हणून हे धाडत नाही. उद्या तिच्यासंगं येतो, अन् तिच्यासंगं आलेल्या बायांकडून कळलेलं तिच्या नवऱ्याचं नाव मीच सांगतो.

दातओठ खात हात जोडणारी,
झुंबरबाई