आईचा डोळा आणि तुमचा नंबर

बाबा,

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा पुढे गेली आणि या वेळी मी दोष डॉक्टरला देणार नाही, आईलाही देणार नाही, सरळ तुम्हाला देणार आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या घरात काहीही अडलं की त्याच्या मुळाशी तुमचीच एखादी वायर सापडते. मागे न्हाणीतला नळ बंद होईना म्हणून प्लंबर बोलावला, तर त्यानं तुमचा सेन्सर काढून माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हे काय हाये?" मला तरी काय माहीत! पण नळाचं मी सहन केलं. डोळ्याचं सहन होत नाही. मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, आता थांबू नका, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं आहे. मी वर्ध्याला कॉलेजात रजा टाकली, आईसाठी खोली आवरली आणि तिला न्यायला सिंदीला गेले. तर ही बाई ओसरीवर खुर्ची टाकून, मांडीवर तुमचा फोन घेऊन बसलेली, आणि समोर चार माणसं उभी. मला म्हणाली, "आत्ता नाई येत पोरी. कापसाचा सीझन हाये. लोकायचे ओटीपी येऊन राह्यले."

हा प्रकार तुम्ही कसा करून ठेवला ते तुम्हाला पुन्हा सांगते, कारण जिवंत असताना तुम्ही ते कधी कबूल केलं नाही. गल्लीतली माणसं तेव्हा दर दोन महिन्यांनी सिम बदलायची. नवीन कार्डावर बोलणं फुकट मिळायचं, ते संपलं की कार्ड फेकायचं, दुसरं घ्यायचं. तुमचा नंबर मात्र गल्लीत पहिला मोबाइल आला तेव्हापासून एकच. मग आधारला मोबाइल जोडा, गॅसला जोडा, बँकेला जोडा असं सुरू झालं, तेव्हा रविवारी वंदना झाली की तुम्ही विहाराबाहेर टेबल टाकून बसायचे आणि ज्याला त्याला सांगायचे, "टाक माह्या नंबर. थो कुठी जात नाई." नंबर खरंच कुठे गेला नाही, तुम्ही गेलात. आता सरकारी खरेदीत कापूस द्यायचा तर आधी मोबाइलवर नोंदणी करावी लागते, तिचा ओटीपी आधारच्या नंबरवर येतो, आणि अर्ध्या गल्लीचा आधारचा नंबर म्हणजे आमची ओसरी. "जयभीम काकू, आला का?" असं विचारत माणसं सकाळपासून येतात आणि आई फोन डोळ्याला चिकटवून आकडे वाचते. तुमच्या एकाही यंत्राला जिनं आपणहून कधी हात लावला नाही, ती.

हात लावला नाही, म्हणजे तुम्ही लावू दिला तेव्हाही नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या मोटरी दुरुस्त करण्यात तुमचा जन्म गेला, तेव्हा यंत्राचं वेड मी समजू शकते. पण निवृत्तीनंतर तुम्हाला ऑनलाइन सेलची जी चटक लागली तिचं काय करायचं होतं आम्ही? तुम्ही वस्तू कधी घेतलीच नाही, बाबा. तुम्ही सूट घ्यायचे, वस्तू तिच्यासोबत यायची. ज्यावर सत्तर टक्के सूट ती आपल्या गरजेची, इतका साधा हिशेब. वस्तू निवडून ठेवायची आणि विकत न घेता चार दिवस नुसती बघत राहायची, ही तुमची खास युक्ती. मी म्हणायचे, घ्यायची तर घ्या ना. तर म्हणायचे, "थांब माय, तरसू दे कंपनीले. तिले वाटलं पाह्यजे का गिऱ्हाइक हातचं गेलं." जणू कुठल्या तरी मोठ्या शहरात कोणी मालक तुमच्यासाठी झोप सोडून बसला आहे. आणि योगायोगानं किंमत थोडी उतरली की जिंकल्यासारखे तुम्ही स्टेशनाकडे चहा प्यायला निघायचे.

मी वर्ध्याहून मिक्सर घेऊन आले तो दिवस आठवतो का? माझ्या पगारातला, आईसाठी, चांगला दुकानात चालवून बघितलेला. तुम्ही खोकं उघडलंही नाही. आधी किंमत विचारली आणि मग माझ्यावर असे रागावलात जसे मी शाळेत नापास झाल्यावरही रागावला नव्हतात. "दुकानातून? काऊन? फोन काय फोटो काढाले देला तुले?" मग माझ्यासमोर बसून तोच मिक्सर फोनवर शोधला, कमी किमतीत दाखवला, आणि दोन दिवस घरात तो विषय चालवला. आई तोवर त्यात चटणी वाटून मोकळी झाली होती.

तिच्या स्वयंपाकघरात तर तुम्ही नुसता उच्छाद मांडला होता. भाकरी करायचं ते यंत्र आलं, त्यातून पहिली भाकरी निघाली ती बघून आई म्हणाली, "पापड मस्त झाला." त्यानंतर गॅस गळला तर ओरडणारी पेटी तुम्ही ओट्यावर ठोकली. ती गॅसला कधी ओरडली नाही. मिरच्या भाजायला घेतल्या की बोंबलायची, फोडणी टाकली की बोंबलायची, शेजारच्या काकू धावत यायच्या. आईनं काढा म्हटलं तर तुम्ही तिलाच समजावलं, "मशीन बरोबर हाये. तुह्या ठेचा चूक हाये." आणि ती बिचारी कितीतरी दिवस मागच्या अंगणात चूल पेटवून ठेचा करत होती, तुमची पेटी झोपलेली राहावी म्हणून. मला आजही ते आठवलं की तुमच्याशी भांडावंसं वाटतं. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढायलाही तिलाच उभं करायचे, पीठ मळत्या हातांनी. कंपनीनं मोबाइलऐवजी वीट पाठवली तर पुरावा हवा म्हणून. वीट कधी आली नाही. फोनभर कणीक मात्र लागली.

मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही दिलेला टॅबही त्यातलाच. कोणीतरी वापरून परत केलेला, म्हणून स्वस्त. मी तुमच्यासमोरच उघडला तर त्यात कुठल्या तरी अनोळखी कुटुंबाचे फोटो भरलेले. बारसं, कोणाची तरी पंचाहत्तरी, समुद्रावरची सहल. मी पुसायला निघाले तर तुम्ही टॅबच हातातून ओढून घेतलात. "लोकायचे फोटो हायेत थे. पुसाचे कसे?" त्यांचा पत्ता शोधायला तुम्ही त्या कंपनीला किती फोन केले असतील! कोणी दाद दिली नाही. माझी भेट शेवटी तुमच्याकडेच राहिली, कारण त्यात माझ्यासाठी जागाच उरली नव्हती. त्या घरातल्या म्हाताऱ्याची तर तुम्हाला इतकी सवय झाली की एकदा जेवताना म्हणालात, "त्या आजोबाची तब्येत उतरल्यासारखी दिसते, नाई?" मी कपाळावर हात मारून घेतला.

एकच गोष्ट तुम्ही शहाणपणाची शिकवली आणि नेमकी तीच आता नडते आहे. एका दुपारी तुम्हाला बक्षिसात गाडी लागल्याचा फोन आला होता. समोरचा फार गोड बोलत होता, आणि जगाला यंत्रं समजावून सांगणाऱ्या माझ्या बापानं त्याला मेसेजमधला आकडा वाचून दाखवला. खातं रिकामं झालं. पैशापेक्षा फसलो याची लाज तुम्हाला खाऊन गेली. दोन दिवस तुम्ही फोन चार्जही केला नाही. मग आईला समोर बसवून सांगितलं, "फोनवर कोणालेच आकडा सांगाचा नाई. माणूस दारात आला पाह्यजे. तोंड पाह्याचं, मंगच सांगाचं." तुमचं दुसरं काहीही न ऐकणाऱ्या आईनं एवढं मात्र गाठ मारून ठेवलं.

म्हणून परवा मी तिला म्हटलं, फोन घेऊन वर्ध्याला चल, लोक तिकडे फोन करतील, तू आकडा सांग, तर ती म्हणाली, "फोनवर नाई सांगाचा. तुह्या बाबानं सांगतलं हाये. तोंड पाहूनच."

"तोंड दिसतं का तुला?"

"अंधुक दिसते."

"मग माणूस ओळखतेस कसा?"

"आवाजावरून वळखू येते."

"अगं मग आवाज तर फोनवरही येतो ना, आई!"

"थो मशीनचा आवाज झाला," ती शांतपणे म्हणाली आणि पुढच्या माणसाला जवळ बोलावलं.

मी तिथेच ओसरीवर सगळ्यांना बोलले. चांगलं नाही बोलले. तिचा डोळा जायची वेळ आली आहे, कालच तिनं तीनला आठ वाचून एकाची नोंदणी अडकवली, आणि तुम्हा लोकांना आपापल्या पोरांचे नंबर द्यायला काय होतं? शेजारच्या काकू तेवढ्या बोलल्या. "पोराचा नंबर हाये व बाई. पण पोरगा पुण्याले. थो उचलत नाई. तुही माय उचलते." तारीख गेली. मी एकटीच वर्ध्याची बस धरली आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

वरचं सगळं रागात लिहून मी तसंच ठेवून दिलं होतं. आज महिन्याभरानं पुढे लिहिते आहे, कारण सांगण्यासारखं घडलं. त्या आठवड्यात मी पुन्हा रजा काढली, गाडी सांगितली आणि गल्लीतल्या माणसांना खेपेखेपेनं सेलूच्या आधार केंद्रावर नेलं. कापूस वेचून बोटं इतकी झिजलेली की मशीन ठसे घेईना. केंद्रावरचा माणूस वैतागला, मी त्याच्यापेक्षा वैतागले, बायका पदरानं अंगठे पुसून पुसून थकल्या. पण एकेकाचा नंबर बदलला. कोणी पोराचा दिला, कोणी जावयाचा, कोणी त्यासाठी नवीन सिम घेतलं. काकूंचा शेवटी माझाच टाकला. त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. कापसाचं काम असं मार्गी लागल्यावर आईला ओसरीवर बसून राहायला कारणच उरलं नाही. ती गाडीत बसली तेव्हाही फोन हातात धरून होती.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी काढली त्या दिवशी ती माझं स्वयंपाकघर बघून म्हणाली, "केवढी धूळ हाये वं पोरी तुह्या घरात." इतकी वर्षं ती धूळ तिला दिसत नव्हती याचंच मला रडू आलं. मग तिनं तुमचा फोन उलटसुलट करून पाहिला, त्याची फुटलेली काच पहिल्यांदाच नीट बघितली असावी, आणि माझ्या हातात दिला. "आता कोणाचंच काई येत नाई याच्यावर. देजो बंद करून. कायले रिचार्ज मारून राह्यली?" तुमच्या वस्तूंबद्दल ती नेहमी अशीच बोलते, पण या वेळी बोलून झाल्यावर लगेच तोंड फिरवून झोपली. तिला सिंदीला सोडलं तेव्हा स्टेशनाजवळच्या मोबाइलच्या दुकानात मी गेलेही होते. दुकानदार म्हणाला, "बंद झाला का काई महिन्यानं दुसऱ्या कोणाले भेटते हा नंबर." मी रिचार्ज करून बाहेर आले. आईला वाटतं, बंद केला.

आता त्या फोनवर फक्त सेलचे मेसेज येतात. तुमचं नाव घालून, प्रिय अमुकजी, खास तुमच्यासाठी, शेवटचे काही तास. सगळ्या गावाची तुमच्याकडची कामं संपली, या कंपन्यांनी मात्र अजून आशा सोडलेली नाही. तुम्ही म्हणायचे ते खरं निघालं, तरसतात बिचाऱ्या.

हे पत्र पाठवायला जागा नाही. माळ्यावर तुम्ही वॉरंटीसाठी जपलेली रिकामी खोकी आहेत, त्यातल्या एखाद्यात सरकवून देईन.

पण एक सांगून टाकते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. काल त्यातला एक मेसेज मी उघडला आणि एक वस्तू मागवली. गळ्यात अडकवायचा पंखा, ऐन थंडीत. सूट होती, पण मी सूट पाहिली नाही. नावाच्या जागी तुमचं नाव आधीच भरलेलं होतं, पत्ता सिंदीचा, मी काहीच बदललं नाही. पार्सलवाले आता थेट दारापर्यंत येतात. येत्या शुक्रवारी ते येईल म्हणतात, आणि मी आईला काहीतरी वेगळंच कारण सांगून त्या दिवशी सिंदीला जाणार आहे. तुम्हाला कधीही न पाहिलेला एक माणूस दारात उभा राहून तुमचं नाव घेईल आणि विचारेल, घरी आहेत का. मला ते एकदा ऐकायचं आहे.