कस्तुराचं दळण आणि विलासची रेघ

मोशी, भाद्रपद, १९८१

ज्योतीराम भावजींना थोरल्या वहिनीचा आशीर्वाद. तुमचं पत्र पोचलं, पण पाकिटात कोरा कागद घालून लिहिलेला तिकडेच विसरलात. मला काय, दोन्ही सारखेच; वाचून दाखवताना पोस्टमनची मात्र पंचाईत झाली. गुडघे कसे आहेत? लेकीकडे जुन्नरला सुखात असाल. आम्ही इथं बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहवते.

माझा नातू विलास (पत्र तोच लिहितोय, म्हणून स्वतःच्या फजितीला कात्री लावील) भोसरीच्या कारखान्यात अणूचं घड्याळ करतो. त्याला काटे नाहीत. काचेच्या कुपीत कसलीशी वाफ, आणि तिला एकच सूर ऐकवणारी पेटी. सूर केसभर थरथरला की वाफ रुसते, घड्याळ चुकतं. ती पेटी विलासची. तिच्यात म्हणे 'नॉइज' फार. मी कान लावला तर चिडीचूप. "आजी, हा कानाला ऐकू न येणारा गोंगाट हाय," म्हणतो. अंगावर काटाच आला, भावजी. कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या दणक्यानं पेटी हादरते, म्हणून साहेबांना विचारून त्यानं ती घरी आणली आणि घरातली सगळ्यात जड वस्तू बघून तिच्यावर ठेवली. म्हणजे तुमच्या कस्तुराच्या जात्यावर. गुरुवारी दुपारी दिल्लीची माणसं इथंच तपासायला येणार. तीन तास पेटी शांत राहिली नाही तर हे काम बंद आणि विलास परत प्रेसवर.

पेटीची थरथर एक सुई कागदावर उमटवते. दिवसभर रेघ सरळ, दुपारी तीन वाजले की लाटा. विलासनं पंखा बंद केला, म्हशीच्या गळ्यातली घंटा काढली, मला घरात चप्पल घालायची बंदी केली (चप्पल मला नाहीच), आठ दिवस तारा सोडल्या नि जोडल्या. शेवटी वैतागून कागद माझ्यापुढे टाकला. मला अक्षर येत नाही, पण ते मी बोटानं वाचलं. नऊ लाटा, मग खंड, खंडात एक बारीक टोक. माझी जाऊ कस्तुरा अशीच दळायची: नऊ फेरे झाले की वैरण, म्हणजे मूठभर दाणे, टाकायला थांबायची, आणि हात उचलताना बांगडी दगडाला लागायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. सगळ्या बायका पहाटे दळत, ही दुपारी. पहाटे तुमच्या घोरण्यात तिला ओवी सुचत नसे. (विलास म्हणतो, हे खोडतो. खोडून बघ.)

विलासनं पेटी उचलून ओसरीवर ठेवली, तर कस्तुरा आणखीच रागावली, सुईनं कागदच फाडला. परत जात्यावर ठेवली, तोंड मोकळं राहील अशी जरा कडेला. रिकामं जातं फिरवू नये, एवढंही या शिकलेल्याला ठाऊक नाही! मी जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकली. जातं जागचं हललं नाही, आम्ही दोघं बघत होतो. रेघ सरळ झाली. संध्याकाळी दगडाभोवती पीठ होतं. विलासनं ते तोललं, वहीत लिहिलं, आणि तेव्हापासून जात्याकडे पाठ करून जेवायला बसत नाही.

तब्येतीला जपा.

चतुराबाई (अंगठा विलासनं गरजेपेक्षा जोरात दाबून घेतला)

ता. क. विलास लिहायला सांगतो की दोष तारेच्या सैल जोडात होता, तो सापडला, आणि भुताखेताचं काही नाही. बरं.

पुन्हा ता. क. त्यानंच आत्ता हळूच विचारलं, "परवापासून ज्वारीनं भागत न्हाई. धाकट्या आजीला काय आवडायचं?" शेंगोळ्यांसाठीचे हुलगे, दुसरं काय. बुधवारच्या एस.टी.नं पायलीभर पाठवा. अख्खेच पाठवा, दळून नको. दळणारी इथं आहे.