गिळ्याचे गहू

२३ जून १९९१, दोंडाईचा

आलो. स्टेशनापासून शाळा बारा मिनिटांवर, घर त्याहून जवळ. तीन खोल्या, मागे मोकळी जागा. घरमालकीण सुगंधाबाई, सगळे त्यांना अक्का म्हणतात. एकटा माणूस तीन खोल्यांचं काय करणार, असे त्यांनी विचारले. दिवाळीनंतर शालन आणि चार वर्षांची कुंदा येतील, असे सांगितले. आईने बांधून दिलेले लाडू वसंतदादाने पिशवीच्या तळाशी ठेवले होते. सगळे फुटले. चुऱ्यालाही चव तीच. खूश आहे.

२८ जुलै

चित्रकलेचे शिक्षक भटू यांच्याकडे रविवारी दुपारी एक खेळ चालतो. त्यांच्या जहाजावरच्या मेहुण्याने परदेशातून पेटी आणली. तिच्यात नियमांचे पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. समोर काय आहे ते भटू सांगतात, आपण काय करतो ते आपण सांगायचे. जमले की नाही ते फासा ठरवतो. तिसरा गडी भिकन, जिनिंगमधला फिटर. तो कुऱ्हाडवाला, मी तिरंदाज. आज सातपुड्यातल्या एका गुहेच्या तोंडाशी पोचलो. फार दिवसांनी हसलो.

१६ ऑगस्ट

अक्कांकडे कानबाई देवीच्या सणाची तयारी. नैवेद्याच्या रोटांचे गहू त्या मुठींनी मोजत होत्या. एकेका माणसाचे नाव, एकेक मूठ. माझेही नाव घ्या, असे मी गमतीने म्हटले. त्या हसल्या नाहीत. भाऊ, नाव घेतलं की माणूस त्या गव्हात आला, म्हणाल्या. म्हणून रोट बाहेर द्यायचा नाही, घरच्यांनीच संपवायचा.

२५ ऑगस्ट

गुहेत गिळ्या नावाचा राक्षस निघाला. भटूंनी तो काळ्या मातीचा करून पाटावर ठेवला आहे. तळहाताएवढा, डोळे नाहीत, तोंडे तीन. त्याचा जीव मोजायला भटूंनी पितळी डबा ठेवला. प्रत्येकाने घरातल्या माणसामागे एक मूठ गहू टाकायचा. घाव बसला की वरची एक मूठ कोंबड्यांना. डबा रिकामा झाला की गिळ्या मेला.

भटू आणि भिकन यांनी मुकाट्याने मुठी टाकल्या. मी शेवटी. अक्कांकडे पाहिले होते तसे नाव घेत टाकल्या: आधी मी, मग कुंदा, शालन, आई, शेवटी वसंतदादा. शेवटची मूठ सगळ्यात वर. भिकन हसत सुटला. मास्तर, कानबाई बसाडी ऱ्हायनात का, म्हणाला.

१ सप्टेंबर

घाव बसायला एकोणीस किंवा वीस पडावे लागतात. म्हणजे दहात एकदा. मी गणित शिकवतो. आज अकरा वेळा फासा टाकला. एकदाही नाही.

८ सप्टेंबर

चौदा वेळा. नाही. माझा तिरंदाज तिसऱ्यांदा मेला. दर वेळी नवा करायचा, गुहेपर्यंत चालत जायचे, पुन्हा गिळून घ्यायचे. नियम बदला, असे भटूंना सांगितले. त्यांनी पुस्तक मिटले. भिकन म्हणाला, मास्तर, हाई तुमनी शाळानी परीक्षा नई शे, ग्रेस मार्क भेटाव नई. चहा न घेता उठलो. वाटेत गल्लीतल्या पोरांवर ओरडलो.

१५ सप्टेंबर

वीस. माझ्या हातून. भिकनने पाठीत धपका घातला. वरची मूठ भटूंनी अंगणात फेकली. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

१७ सप्टेंबर

शालनचे पत्र. घरी तिघी बऱ्या आहेत. सहज मागची पाने चाळली. तिथे वसंतदादा असे लिहिले आहे. दोनदा. अक्षर माझे.

मला भाऊ नाही.

ट्रंकेत एक जुने पत्र सापडले. अक्षर अनोळखी. खाली वसंत अशी सही. मायना माझ्या नावाचा.

२२ सप्टेंबर

खेळ थांबवायला गेलो. उशीर झाला. माझ्या वाटचा फासा भिकनने टाकला होता. एकोणीस. मूठ गेली होती.

गिळ्या आता पाटावर मावत नाही. माती ओली असली की फुगते, असे भटू म्हणाले. ती वाळून भेगाळली आहे. मी दोघांना सगळे सांगितले. त्यांच्या घरचे सगळे जागेवर आहेत. त्यांनी नावे घेतली नव्हती. भिकनला ते पटेना. खेळ अर्धा सोडू नये, डबा संपवूच, म्हणाला. मी डबा हिसकावून पळालो. धावताना दाणे हलले. आता कोणाची मूठ कुठे, कळत नाही.

आईची आठवण काढून पाहिली. मी लहान असतानाच ती गेली, असे वाटते. पण लाडू तिने बांधून दिले, असे जूनच्या पानावर आहे.

२७ सप्टेंबर

डब्यात पोरकिडे. रोज निवडतो. सकाळी पुन्हा तितकेच. पोखरलेला दाणा टाकवत नाही. शालनच्या पत्रात कुंदाला ताप.

३० सप्टेंबर

कीड थांबत नाही. उन्हात घालावे तर चिमण्या. अक्कांना बजावले — डब्याला हात लावू नका. कारण विचारले त्यांनी. डबा खाटेखाली सरकवला.

३ ऑक्टोबर

शाळेतून आलो. डबा घासून अंगणात पालथा घातलेला.

आज अक्कांच्या यजमानांचे पित्तर. गहू कमी पडले. किडके होते, भाऊ, चाळले आणि माझ्या गव्हात घालून दळून आणले, तुम्हालाही जेवायला बोलावलंय — असे म्हणाल्या. परातीतले पीठ अजून गरम. हात धरला त्यांचा. पंगत बसली आहे म्हणाल्या. जेवताहेत —

लिहून ठेवतो, म्हणजे राहील.

शालन — माझी बायको. कुंदा — माझी मुलगी, डावखुरी, चार वर्षांची. दिवाळीनंतर येणार.

शालन — बायको. कोणाची ते वर लिहिले आहे. कुंदा — चार वर्षांची —

ही दोन नावे कोणी लिहिली. तीन खोल्या कशाला घेतल्या —

अक्का बाहेरून हाक मारताहेत. मास्तर, पोळी गार होते. पुन्हा तेच. मास्तर, मास्तर. घरात दुसरे कोणी दिसत नाही. त्या कोणाला —