दुसऱ्याच्या खुणेची गाय

प्रिय मिजाक,

परवा फोनवर मी तुटक बोलले म्हणून तू फुगून बसला असशील. बस. तुझ्या जुबातल्या खोलीत एका फोनला चार कान लागलेले असतात, आणि माझ्या चहाच्या टपरीवर तर अख्खा बाजार कान टवकारून बसतो. म्हणून हे पत्र. सुकी मासळी नेणाऱ्या ट्रकवर आपला कुओल आहे, त्याच्या हाती देते आहे. पाकीट उघडलेलं दिसलं तर आधी त्याला फैलावर घे. सख्खा चुलतभाऊ आहे, ठाऊक आहे मला, तरीही घे.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांची मुदत वाढली हे तू रेडिओवर ऐकलंच असशील. पण त्याआधीचे दिवस इथे कसे गेले ते रेडिओ सांगत नाही. निळ्या टोप्यांचं पथक या खेपेला उठणार, अशी आवई उठली होती. तिकडे न्यूयॉर्कात कोणी हात वर करायचे, आणि त्यावर इकडे दोन सुदानांच्या मधल्या अबियेईत आम्ही चूल पेटवायची की गाठोडं बांधायचं ते ठरायचं! त्यांच्या छावणीचा आचारी पोत्याने कांदे न्यायचा, तो टोपली घेऊन यायला लागला. बस्स, मला पुरेसं होतं. ज्याला राहायचंय तो टोपलीने कांदे नेत नाही. उत्तरेकडून आलेले मिसेरिया दुकानदार साखर स्वस्तात काढू लागले, तशी आपली माणसं म्हणाली, बघा, यांना आतली बातमी आहे. आणि ते म्हणत होते, या दिंका बायका चहाची भांडी का बांधताहेत, यांना काहीतरी कळलंय. सगळे एकमेकांकडे बघून घाबरत होते.

अशात आपला तो नदीपलीकडचा मिसेरिया गुराखी, बिशारा, कळप घेऊन आला. दरसालपेक्षा लवकर, नदीकाठचं गवत नीट वाळायच्या आधी. आल्या आल्या विचारतो, "काय गं अलुएल, हे टोपीवाले राहताहेत की चालले?" मी म्हटलं, "तुला कशाला पंचाईत? चालले तर तू काय करणार आहेस?" तो हसला. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

आपली गाय आयेन त्याच्याकडे आहे हे तू विसरला नसशील. बाबा कधी सगळी गुरं एका तळावर ठेवायचे नाहीत. दोन मामाकडे, एक आत्याच्या सासरी, एक नदीपलीकडे बिशाराच्या बापाकडे. रोग येवो, लुटारू येवोत, एखादी तरी वाचते. गाव जळालं त्या वर्षी आपलं सगळं गेलं, आणि वाचली ती नेमकी पलीकडे असलेली आयेनची आई. आपली आजची सगळी गुरं तिच्याच पोटची. म्हणून बाबांनंतर मीही आयेनला बिशाराच्या कळपात ठेवलं. जीव थाऱ्यावर नसायचा तरी ठेवलं.

मी टपरी शेजारणीवर टाकली आणि त्याच्या मुक्कामावर गेले. आयेन दिसली. धष्टपुष्ट, कास भरलेली. आणि उजव्या पुठ्ठ्यावर ताजा डाग. त्यांच्या घराण्याचा, तापल्या लोखंडाचा! आपण कानाला खाच पाडतो, ते डाग देतात. डाग दिला म्हणजे गाय त्यांची झाली. मी त्याला चोर म्हटलं, त्याच्या बापाचा उद्धार केला, त्याची बायको हव्वा रडायला लागली तरी थांबले नाही. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "टोपीवाले गेले की माझेच भाऊबंद आधी कान बघतील. दिंकांच्या खाचेची गाय माझ्या कळपात एक दिवस टिकायची नाही. डाग असला तर तिला कोण हात लावतंय?" मी म्हटलं, "मग मला विचारलं का नाहीस?" तर म्हणतो, "विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

उत्तर चोख होतं. फारच चोख. चोराचंही असंच असतं. मी म्हटलं, "ठीक. मग तुझी एक कालवड मला दे. मी तिच्या कानाला आमची खाच पाडते. तिलाही आमच्यात कोणी हात लावणार नाही." तो उठून गेला. मला वाटलं, झालं, सापडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, बाजार उठायच्या आधी, कालवड घेऊन टपरीपाशी हजर. काळी-पांढरी, ठसठशीत, अजून डाग न दिलेली. लंगडी असेल म्हणून मी तिचे चारही पाय चाचपले, दात बघितले, आणि तो माझ्याकडे बघत राहिला. खाच मीच पाडली. ती हंबरली तेव्हा त्याने मान फिरवली. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, हा कदाचित खरं बोलत असेल. कदाचितच.

मग मुदतवाढीची बातमी आली. बाजारात साखर पुन्हा महागली, आचारी पोतं घेऊन आला. बिशारा टपरीवर बसला, आल्याचा चहा प्यायला. आता गायी परत करू या, असं तो म्हणेल म्हणून मी थांबले. मी म्हणेन म्हणून तो थांबला असावा. कोणीच म्हणालं नाही. आणि परत करून तरी काय? डाग पुसला जात नाही, खाच भरत नाही. मुदत मात्र आज वाढते, उद्या संपते. माझा अजूनही बिशारावर विश्वास नाही. त्याची कालवड माझ्याकडे आहे, यावर आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या होणाऱ्या सासरची माणसं मुलीच्या बदल्यात आपण द्यायची लग्नाची गुरं बघून गेली आणि त्यांनी नेमकं त्या काळ्या-पांढऱ्या कालवडीवर बोट ठेवलं. मामा फुशारून हो म्हणालेत. चहाच्या कमाईतून घेतली असं मीच त्यांना सांगितलंय, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि ती मिसेरियांची आहे हे कळलं तर एखादा दिवटा रात्रीत तिला कापून खाईल. ती देऊ नकोस, मिजाक. तिच्याऐवजी दोन मागितल्या तर दोन दे, मुलीकडचे रुसले तर रुसू देत. तिचा कान आपला आहे, पण ती आपली नाही. आणि पुठ्ठ्यावर त्यांचा डाग असलेली आयेन आपली आहे. हे बिशारा आणि हव्वाखेरीज फक्त मला माहीत होतं, आता तुला. उद्या टोपीवाले गेले, मीही नसले, तर नदीपलीकडे जाऊन कोणती गाय मागायची आणि कोणती परत करायची, ते सांगणारा तूच उरशील. वाचून झालं की पत्र जाळून टाक.

तुझ्यावरही थोडासा संशय असलेली, पण तुझीच,
अलुएल