पटकथेतली आई

प्रिय आईस,
तुझ्या धाकट्याचा नमस्कार.

तब्येत उत्तम, जेवण वेळेवर. खोलीत एकटाच, त्यामुळे घासायला भांडीही दोनच. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथे सगळे लेखक संपावर आहेत, त्यामुळे पटकथा विकून देणारे एजंट नव्या माणसाला दारात उभं करत नाहीत. एका एजंटबाईंनी मात्र हाताला काम नाही म्हणून माझी अख्खी पटकथा वाचली. ‘संप मिटला की या,’ म्हणाल्या. त्यांना एवढंच खटकलं, की दूर गेलेल्या मुलाला आई एकदाही ‘परत ये’ म्हणत नाही.

मी म्हटलं, आमची आई तशीच आहे.

रविवारी फोन करीन तेव्हा एकदा म्हणून बघ. मी येणार नाही, पण तू म्हण.

तुझाच,
धाकटा